उसाच्या बिलात घरच्या कामाचा वाटा



उसाचे बिल बँकेत जमा झाले की गावात काय काय येते, हे आम्ही शेतकी विभागातली माणसे बरीच वर्षे पाहत आलो आहोत. आधी सोसायटीचे कर्ज वळते होते. मग खताचे, मजुरीचे, दुकानदाराचे देणे भागते. उरलेल्या पैशांतून कुणी नवी मोटारसायकल घेतो, कुणी बैठकीच्या खोलीत सोफा मांडतो, कुणी भिंतभर टीव्ही लावतो, तर कुणाच्या घरी लग्नकार्य निघालेले असते. सभासदाने आपल्या घामाच्या पैशाचे काय करावे हे सांगण्याचा अधिकार ऊस विकास अधिकाऱ्याला नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण लागणीपासून तोडणीपर्यंत तुमच्या बांधावर आणि ओसरीवर आमचे येणे-जाणे असते. चहाचा कप हातात येतो तेव्हा तो कुठून आला, कसा आला, हेही दिसते. म्हणून या अंकापुरते बेणे, खत आणि पाणी बाजूला ठेवून घरातल्या खरेदीविषयी चार शब्द लिहीत आहोत. हे आमचे मत आहे. कारखान्याचे धोरण म्हणून कुणी वाचू नये.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. बिलातून घरासाठी जी खरेदी होईल, तिच्यात पहिला मान रोजचे घरकाम हलके करणाऱ्या वस्तूला द्यावा, आणि ती वस्तू कोणती हे ते काम करणाऱ्या बाईला विचारून ठरवावे.

शेताचा हिशेब आणि घराचा हिशेब

आपला सभासद शेतात हिशेबाला पक्का आहे. खुरपणीला बाया किती लागतील आणि तणनाशकाला खर्च किती येईल, हे तो तोंडावर सांगतो. बांधणीला बैलाचे औत परवडते की पॉवर टिलर, पाटाने भिजवावे की ठिबक टाकावे, यावर गट ऑफिसच्या कट्ट्यावर तासन् तास चर्चा चालते. पैसा घालायचा तर मजुरी किती वाचेल, हा प्रश्न तो आधी विचारतो. हाच सभासद घरात शिरताना मात्र हिशेब चपलांबरोबर उंबऱ्याबाहेर ठेवतो. उसाच्या बुडाशी थेंबाथेंबाने पाणी पोचते, आणि त्याच घरातली बाई हौदावरून नाहीतर विहिरीवरून डोईवर हंडा आणते.

जरा गणित करू या. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसामागे रोजचे ५५ लिटर पाणी धरले आहे. सहा माणसांच्या घराला म्हणजे ३३० लिटर लागले. जनावरांचे त्यात धरलेले नाही. १५ लिटरची घागर धरली तर २२ खेपा झाल्या. रोजचे ३३० किलो, महिन्याचे जवळजवळ १० टन, म्हणजे उसाची एक भरलेली ट्रॉली. वर्षाचे होतात १२० टन. एकरी ६० टन पडणाऱ्या दोन एकर उसाचे हे वजन आहे. उसाच्या तोडणी-वाहतुकीचे पैसे आपण टनामागे मोजतो, त्यात दोन रुपयांचा फरक पडला तर सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारतो. ज्या घरात नळ नाही त्या घरातले हे १२० टन कुणाच्याही पावतीवर येत नाहीत.

पाणी हे एकच काम झाले. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली लोकांचा वेळ कशात जातो याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटे जातात असे आढळले. पाच तासांना अकरा मिनिटे कमी. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटे निघाली, आणि हात लावणारे पुरुष मुळात थोडेच. आपल्याकडची बाई तर एवढ्यावर सुटतही नाही. बेणे तोडायला ती असते, कांड्या दाबायला ती असते, खुरपायला ती असते. संध्याकाळी वाढ्याचा भारा आणून धारा काढायलाही तीच.

१९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेने शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरवले होते. उसाच्या दरावरून संघटनेचे आणि कारखान्यांचे मतभेद असोत, पण शेतकऱ्याच्या घरातल्या बाईचे कष्ट हिशेबात धरले पाहिजेत हा विचार तिथून गावोगाव गेला. पुढे पुष्कळ शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीनही केली. आम्ही आज एवढे मोठे काही मागत नाही. नळ, ओटा, कुकर आणि गॅस एवढ्यावरच बोलत आहोत.

आधी काय घ्यावे

वस्तू निवडताना आम्ही एक साधा नियम सुचवतो. ती वस्तू दिवसातून किती वेळा वापरली जाईल, आणि तिच्यामुळे कुणाचे कोणते काम कमी होईल, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी द्यावीत. बैठकीतला सोफा पाहुणा आला की उपयोगी पडतो. स्वयंपाकघरातला नळ दिवसातून पन्नास वेळा उघडला जातो.

म्हणून आमच्या यादीत पहिला नंबर पाण्याचा. घराजवळ उंचावर पाचशे लिटरची टाकी, तिथून एक पाइप ओट्याकडे आणि एक न्हाणीघराकडे, एवढे केले तरी सहा माणसांच्या घराचे दिवसाचे भागून थोडे पाणी उरते. वस्तीवरच्या घरांना याचा दुप्पट फायदा आहे. शेतीच्या लाइनला वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. मोटर चालू असेल तेव्हा टाकी भरून घेतली की वीज गेल्यावरही नळ चालतो. मात्र भरलेल्या टाकीत पाचशे किलो वजन असते हे गवंड्याला आधी सांगावे. कुडाच्या भिंतीवर नाहीतर चार लाकडी डांबांवर ती चढवू नये. झाकण घट्ट असावे आणि टाकी वरचेवर घासावी. सांडपाणी केळीला किंवा परसातल्या भाजीला जाऊ द्यावे, म्हणजे दारात चिखल आणि डास होणार नाहीत.

दुसरा नंबर उभ्या ओट्याचा. ही वस्तू दुकानात मिळत नाही म्हणून खरेदीच्या यादीत कुणी धरत नाही. थोड्या विटा, सिमेंट आणि कडप्प्याची फरशी लागते. जमिनीवर बसून स्वयंपाक करणारी बाई एका वेळच्या जेवणात किती वेळा उठते-बसते, हे घरधन्याने एकदा जवळ बसून मोजावे. पन्नाशीनंतर गुडघे धरतात ते काही एकट्या शेतकामाने नाही. ओट्याची उंची मात्र बाईला उभे करून घ्यावी. गवंड्याच्या सवयीने घेतली तर कुणाला वाकावे लागते, कुणाला टाचा उंचवाव्या लागतात. म्हातारीला खाली बसूनच भाकरी थापायची असेल तर तिची जागा तिला राहू द्यावी.

तिसरा नंबर कुकरचा. उघड्या भांड्यात पाणी शंभर अंशांच्या आसपास उकळते आणि तिथेच थांबते. खाली जाळ कितीही घाला, उष्णता वाढत नाही, नुसती वाफ उडते. कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे ती १२० अंशांपर्यंत चढते. म्हणून तूरडाळ लवकर शिजते, हरभरा-मटकीला जाळ कमी लागतो, आणि एकावर एक डबे ठेवून भात-डाळ-बटाटा एकदम होतो. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करावी, म्हणजे आणखी इंधन वाचते. कडधान्य रात्री भिजत घालावे. रबर आणि सुरक्षा झडप ढिली झाली की बदलावी, तिच्या जागी दुसरे काहीतरी खुपसून काम चालवू नये. कुकर आता बऱ्याच घरी आहे हे आम्ही जाणतो. पण रुखवतात आलेला कुकर खोक्यात घालून माळ्यावर ठेवलेली घरेही आम्ही पाहिली आहेत. वस्तू घरात आली म्हणजे वापरात आली असे होत नाही.

चौथा नंबर इंधनाचा, आणि इथे थोडे थांबायला हवे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून गॅसची जोडणी वाड्या-वस्त्यांवर पोचली. तरीही सिलिंडर संपला की पैशाअभावी चूल पेटते, अशी घरे आहेत. चुलीच्या धुराने डोळे जातात, छाती धरते, आणि आईजवळ बसलेले मूलही तोच धूर ओढते. ज्यांच्या गोठ्यात चार-पाच जनावरे आहेत त्यांनी या बाबतीत गोबर गॅसचा विचार पुन्हा एकदा करावा. १९८१-८२ पासून केंद्र सरकारने बायोगॅसचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. खादी ग्रामोद्योगाची तरंगत्या टाकीची पद्धत आधीपासून होतीच. १९८४ साली पक्क्या घुमटाचे, कमी खर्चाचे दीनबंधू मॉडेल आले. त्या काळी बांधलेली कितीतरी संयंत्रे पुढे देखभालीअभावी बंद पडली, काही तर माती ढकलून बुजवली गेली.

दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तितकेच पाणी लागते. नीट चालले तर महिन्याला जवळजवळ पावणेदोन सिलिंडरच्या तोडीचा गॅस मिळतो. थंडीत गॅस कमी पडतो, हे धरून चालावे. बाहेर पडणारी मळी उसाला उत्तम. गोवरी थापून जाळली की गॅसही गेला आणि खतही गेले. संयंत्रात घातले तर दोन्ही हाती लागतात. आम्ही ऊसवाले, त्यामुळे हा मुद्दा आमच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. अनुदानाची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात करावी. एक अट मात्र आम्ही आमच्या पदरची घालतो. रोजचे शेण कालवून संयंत्रात घालण्याचे काम पुरुषाने करायचे. तेही बाईच्याच अंगावर पडले तर एक काम कमी करून दुसरे वाढवल्यासारखे होईल.

अंघोळीच्या पाण्यासाठी बंबात पाचट कोंबणाऱ्यांना दोन हात जोडून विनंती की ते पाचट खोडव्याच्या सरीत कुजू द्या. शंभर लिटरचा सौर बंब चार-पाच माणसांना पुरतो. बोअरचे पाणी जड असेल तर आत क्षार बसतो, म्हणून घेण्यापूर्वी पाणी तपासून घ्यावे.

विजेवरच्या वस्तूंचे फार पाल्हाळ लावत नाही. मिक्सरने पाटा-वरवंट्याचे काम केव्हाच हलके केले आहे. कॅनॉलवर धुण्याचे गाठोडे नेणाऱ्या घराला धुलाई यंत्राचा मोठा आधार होतो. बादलीने पाणी ओतून चालणारे अर्धस्वयंचलित यंत्र आपल्याकडे सोयीचे, कारण त्याला नळाचा जोर लागत नाही. एक हॉर्सपॉवरची घरघंटी तासभर चालली तर पाऊण ते एक युनिट वीज खाते. गिरणी लांब असेल आणि घर मोठे असेल तर ती घ्यावी, गिरणी गल्लीतच असेल तर घाई नको. ज्या वस्तीवर विजेचा दाब कमी-जास्त होतो, तिथे आधी वायरिंग आणि अर्थिंग नीट करून घ्यावे आणि मगच यंत्र आणावे.

लोक काय म्हणतात

या विषयावर बांधावर बोलणे झाले की तीन उत्तरे हमखास येतात. पहिले उत्तर, "सायेब, आमच्या आईनं जात्यावर दळलं, तिला काय झालं?" काय झाले ते त्या माउलीला कुणी विचारले नाही, म्हणून आपल्याला ठाऊक नाही. आणि आपल्या वडिलांनी मोटेने पाणी काढले होते, तरी आपण विहिरीवर पंप बसवलाच. आजोबांच्या आठवणीखातर कुणी पुन्हा मोट जोडलेली नाही.

दुसरे उत्तर, "चुलीवरच्या भाकरीची चव गॅसला येत न्हाई." हे खरे आहे, आम्हीही खाणारे आहोत. भाकरीपुरती चूल राहू द्या. पण डाळ, भात, चहा, दूध, अंघोळीचे पाणी, यांना चुलीची कसली चव?

तिसरे उत्तर जरा हळू आवाजात येते, "एवढं सगळं आणून दिल्यावर बाई दिवसभर करणार काय?" या प्रश्नाचे आम्हांस वाईट वाटते. ट्रॅक्टर घेतला तेव्हा मालक दिवसभर करणार काय, असे कुणी विचारले नव्हते. वाचलेला वेळ तिचा. ती बचत गटाच्या बैठकीला जाईल, पोराचा अभ्यास घेईल, देवळात बसेल, नाहीतर दुपारची तासभर पडेल. नळ दिला म्हणून आणखी दोन सऱ्या खुरपायला लावणार असाल, तर नळ दिल्याचे पुण्य तिथेच फिटले.

पैसा आणि हप्ते

खर्चाची भीती घालणाऱ्यांसाठी टनाचा हिशेब सांगतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरवली होती, त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. हा दर धरला तर आमच्या अंदाजाने एका टनात पाच लिटरचा चांगला कुकर बसतो. पाचशे लिटरची टाकी, पाइप आणि दोन नळ तीन-चार टनांत होतात; टाकीखालच्या बांधकामाचे वेगळे. धुलाई यंत्र चार-पाच टनांत येते. म्हणजे एका एकरातल्या उसाच्या दहाव्या-पंधराव्या हिश्शात घरातले पाण्याचे काम कायमचे मिटते.

घेताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. कुकर, गॅसची शेगडी, नळी, यांवर आयएसआयचा शिक्का पाहावा. विजेच्या वस्तूवर तारे पाहावेत. २००६ पासून ही पद्धत सुरू झाली आहे, तारे जास्त तितके वीजबिल कमी. पक्की पावती आणि हमीपत्र दुकानदाराचा शिक्का मारून घ्यावे. तालुक्याला दुरुस्ती करणारा आहे की नाही, हे आधी विचारावे.

हप्त्याने घेणाऱ्यांनी एक उदाहरण ध्यानात ठेवावे. बारा हजारांची वस्तू, व्याज "फक्त बारा टक्के", वर्षभराचे बारा हप्ते. व्याज १,४४० रुपये धरून हप्ता होतो १,१२० रुपयांचा. पण मुद्दल तर दर महिन्याला फिटत जाते. वर्षभरात तुमच्याकडे सरासरी साडेसहा हजारच राहिले, आणि व्याज मात्र बारा हजारांवर दिले. खरा दर बावीस टक्क्यांच्या घरात जातो. "शून्य टक्के" म्हणणाऱ्यांचे व्याज बहुतेक वेळा किमतीत मुरवलेले असते. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना अशा योजनांची मनाई केली. आपल्याला बिल कधी मिळणार हे अगोदर ठाऊक असते. तोवर थांबून रोखीने घ्यावे, आणि रोखीची सूट मागून घ्यावी.

संस्थेने काय करावे

सभासदाला सांगून आम्ही मोकळे होत नाही. आपल्या ग्राहक भांडारानेही यात लक्ष घालावे, असे सुचवावेसे वाटते. हंगाम सुरू होण्याआधी गटवार मागणी नोंदवावी. बेण्याची नोंदणी करतो तशीच टाक्या, कुकर, शेगड्या यांची करावी. एकदम खरेदी केली तर भाव उतरतो. सभासदाच्या लेखी संमतीने रक्कम बिलातून दोन वेळा वळती करून घ्यावी, आणि त्या संमतीपत्रावर घरधनिणीचीही सही असावी. सही आली म्हणजे विचारणे आपोआप आले. दर गटातल्या दोन होतकरू मुलांना नळजोडणी आणि लहानसहान यंत्रांच्या दुरुस्तीचे शिक्षण द्यावे, म्हणजे वस्तू बिघडली म्हणून अडगळीत पडणार नाही. लग्नात आहेर म्हणून स्टीलच्या डब्यांची रास लावणाऱ्या भाऊबंदांनीही चौघांत मिळून एक टाकी किंवा एक शेगडी दिली तर नव्या संसाराला ती जास्त कामी येईल.

सभासद बंधूंनो, बिलाची रक्कम तुमच्या खात्यावर जमा होते, कारण शेअर तुमच्या नावावर आहे. त्या उसात घरच्या बाईचे दिवस किती गेले, याची नोंद आमच्या रजिस्टरात नाही आणि तुमच्या पासबुकातही नाही. यंदाचे बिल निघाले की बाजाराला जाण्याआधी घरात बसा, चहा तुम्हीच ठेवा, आणि तिला विचारा, "यातून तुझं कोणतं काम कमी करायचं?" ती पहिल्यांदा "काही नको" म्हणेल. तिला तसेच म्हणायची सवय आहे. दुसऱ्यांदा विचारा. मग जे सांगेल ते कागदावर लिहा, आणि तो कागद घेऊनच बाजाराला जा.

— ऊस विकास अधिकारी